घारापुरीची लेणी पाहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी घरी आलेल्या पाहुण्यांना घारापुरीला घेऊन जाते. कधी नागपूरची मावशी असते, कधी अमेरिकेतला भाचा, कधी सोसायटीतल्या बायकांचा ग्रुप. प्रश्न मात्र दरवेळी तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. वाचून निघालात तर तिथे पोचल्यावर वेळ वाया जाणार नाही, आणि तो वेळ लेण्याला देता येईल. माझी कळकळ तेवढ्यासाठीच आहे.

घारापुरी आणि एलिफंटा ही एकच जागा का?

हो. बेटाचं मूळ नाव घारापुरी. १५३४ च्या वसईच्या तहानंतर हा सगळा टापू पोर्तुगिजांकडे गेला. बेटावर काळ्या दगडाचा एक भला मोठा हत्ती उभा होता, त्यावरून त्यांनी नाव ठेवलं एलिफंटा. इंग्रजांनी तेच चालू ठेवलं आणि तिकिटावरही तेच आलं. बेट मुंबईच्या बंदरात असलं तरी ते मुंबईत मोडत नाही, रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात मोडतं. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वस्त्या आहेत. तिथली माणसं आजही गावाचं नाव घारापुरी असंच सांगतात. तुम्हीही तेच म्हणा, त्यांना बरं वाटतं.

जायचं कसं?

गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने. अंतर १०-११ किलोमीटर आहे, लाँचला साधारण तास लागतो. सकाळी नऊच्या सुमारास पहिली लाँच निघते, मग थोड्या थोड्या वेळाने निघतच राहतात. जाऊन-येऊन तिकीट अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात असतं. ते गेटवेवरच्या तिकीटखिडकीवरच काढा आणि परतीचा तुकडा जपून ठेवा. येताना तो मागतात आणि नेमका तेव्हाच सापडत नाही. वरच्या डेकवर बसायचं तर लाँचवर थोडे जास्तीचे पैसे घेतात. मळमळण्याचा त्रास असेल तर वर जाऊ नका, खाली मधोमध बसा.

माझं ऐकाल तर पहिली किंवा दुसरी लाँच पकडा. अकरानंतर लेण्यात शाळांच्या सहली आणि मोठे ग्रुप येतात, मग मूर्तीपुढे दोन मिनिटं शांतपणे उभं राहता येत नाही. दुपारी दोननंतर निघायचा विचारही करू नका. परतीची शेवटची लाँच साडेपाचच्या आसपास असते. त्या दिवशीची नेमकी वेळ उतरतानाच लाँचवाल्यांना विचारून घ्या.

लाँच सुरक्षित असते का?

हा प्रश्न आता सगळेच विचारतात आणि तो विचारायलाच हवा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. दहाहून जास्त माणसं गेली. लाइफ जॅकेट घालायला सांगतात ते मुकाट्याने घाला, पट्टे आवळा आणि मुलांना त्यांच्या मापाचं मिळालंय का ते बघा. फोटोत बरं दिसत नाही म्हणून मध्येच काढून मांडीवर घेणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्यासारखं करू नका. लाँच डोळ्यांदेखत खच्चून भरत असेल तर पुढचीने जा. अर्ध्या तासाने काही बिघडत नाही.

कोणत्या दिवशी बंद असतं? प्रवेशाचे किती पैसे पडतात?

सोमवारी लेणी बंद असतात. हे पाठच करा, कारण सोमवारी गेटवेवर येऊन परत जाणारी कुटुंबं दर आठवड्याला दिसतात.

लेण्यांचं तिकीट लाँचच्या तिकिटापासून वेगळं असतं. भारतीयांना ४० रुपये, परदेशी नागरिकांना ६००, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. ऑनलाइन काढलं तर वरच्या खिडकीवरची रांग टळते. बेटावर ग्रामपंचायतीचा थोडासा करही घेतात, त्यासाठी सुटे पैसे ठेवा. परदेशातून आलेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे, त्यांना भारतीयांच्याच दराने तिकीट मिळतं. पण कार्ड बरोबर हवं. माझ्या भाच्याने ते पुण्याच्या घरी ठेवलं होतं आणि सहाशे रुपये भरले.

पावसाळ्यात जावं का?

बेट पावसाळ्यात फार देखणं दिसतं. डोंगर हिरवागार होतो, कड्यावरून पाण्याच्या धारा लागतात. पण समुद्र खवळला की लाँच बंद होतात आणि ते आदल्या दिवशी कळेलच असं नाही. शिवाय लेण्यात छतातून पाणी झिरपतं, फरशी निसरडी होते, आभाळ भरून आलं की आत अंधारतं. मुंबईत राहत असाल तर एखादी उघडीप बघून जा. लांबून येणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरा. एप्रिल-मे मध्ये पायऱ्या चढताना जीव जातो, पण लेण्यात पाय ठेवताच जो गारवा लागतो तो वेगळाच.

पायऱ्या किती आहेत? गुडघेदुखी असलेल्या आई-बाबांना न्यावं का?

न्या. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत लांब रस्ता आहे, तो नाममात्र तिकिटाच्या छोट्या आगगाडीने होतो. तिथून पुढे १२० च्या आसपास पायऱ्या. त्या फार उंच नाहीत. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, वर ताडपत्र्यांची सावली आहे, बसायला जागा आहे. चढायला जमतच नसेल तर डोली मिळते, खुर्चीला दांडे लावून चार माणसं उचलून नेतात. दर बसण्याआधी ठरवा, आणि तो वर-खाली दोन्हीचा की एका फेरीचा हे स्पष्ट विचारा.

माझी आई डोलीत बसायला आधी तयार नव्हती. माणसाच्या खांद्यावर बसून देवाला जायचं तिला पटत नव्हतं. डोली नेणाऱ्यातलाच एक जण तिला म्हणाला, "आजी, तुम्ही बसलात तर आमची चूल पेटते." मग ती बसली. वर गेल्यावर लेण्यात चालायला तिला त्रास झाला नाही. मुख्य लेण्याची जमीन बरीचशी सपाट आहे, पायऱ्या फक्त गाभाऱ्याला आणि बाजूच्या चौकांकडे आहेत.

हे मंदिर आहे की नुसतं बघायचं ठिकाण? पूजा होते का?

मंदिर आहे. रोजची पूजा, पुजारी, आरती, प्रसाद असं काही नाही. १९८७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे आणि देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. पण गाभारा आहे, गाभाऱ्यात शिवलिंग आहे, आणि महाशिवरात्रीला उरणकडच्या गावांतून लोक होड्या भरभरून दर्शनाला येतात. त्या दिवशी लेणं बघणं होत नाही, पण हे अजूनही कुणाचं तरी देवस्थान आहे हे डोळ्यांनी दिसतं.

चपला काढायची सक्ती नाही. मी गाभाऱ्याच्या पायऱ्यांशी काढते. जो देव मानत नाही त्यानेही काढाव्यात असं मला वाटतं, निदान ज्यांनी ही जागा कोरली त्यांच्या मानासाठी.

इतर धर्माच्या लोकांना प्रवेश आहे का? मासिक पाळीत गेलं तर चालतं का?

सगळ्यांना प्रवेश आहे, कसलीही आडकाठी नाही. पाळीचा प्रश्न मला बायका बाजूला घेऊन हळूच विचारतात. तिथे कुणी विचारत नाही, कुणी अडवत नाही. स्वच्छतागृहं आहेत, पण लागणारं सामान घरूनच न्या.

आत गेल्यावर सुरुवात कुठून करायची?

आधी काहीच बघू नका. उत्तरेच्या दारातून आत या, एखाद्या खांबाच्या बैठकीशी थांबा आणि पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत फक्त काळोख दिसतो, आणि बरीचशी माणसं त्या काळोखातूनच घाईने थेट त्रिमूर्तीकडे जातात, मोबाईल काढतात आणि परत फिरतात. हळूहळू खांब दिसू लागतात. खाली चौकोनी, वर गोल, गोलावर उभ्या पन्हळी आणि डोक्यावर दाबलेल्या उशीसारखा गोळा. मग छताखालच्या तुळया दिसतात. हे सगळं बेसाल्टच्या एका डोंगरात खोदलेलं आहे, इथे बांधलेलं काही नाही. छताला तुळईची गरजच नव्हती. तरीही लाकडी किंवा दगडी बांधकामात तुळई जिथे पडते तिथेच त्यांनी ती कोरून ठेवली. माझ्या मते लेणं समजायला सुरुवात इथूनच होते. कारागिरांच्या मनात बांधलेलं देऊळ होतं, आणि डोंगरातला नको तेवढा दगड काढून टाकत त्यांनी ते मोकळं केलं.

आता क्रम सांगते. शिरताच डाव्या हाताला योगीश्वर आहे, कमळावर बसलेला शांत शिव. उजव्या हाताला नटराज. हातपाय बरेच तुटलेत, तरी कंबरेचा हेलकावा बघा, नाच थांबलेला नाही. तिथून डावीकडे पूर्वेच्या टोकाला जा. तिथे दोन शिल्पं समोरासमोर आहेत. एकात रावण कैलास उचलतोय. दुसऱ्यात कैलासावर शिवपार्वती सारीपाट खेळतायत आणि ती रुसून तोंड फिरवून बसली आहे. मग दक्षिणेच्या भिंतीकडे वळा, तिथे अर्धनारीश्वर, सदाशिव (ज्याला सगळे त्रिमूर्ती म्हणतात तो) आणि गंगाधर ओळीने आहेत. शेवटी पश्चिमेला कल्याणसुंदर म्हणजे शिवपार्वतीचं लग्न, आणि त्याच्यासमोर अंधकासुराचा वध.

गाभारा पश्चिमेच्या बाजूला आहे. चारी दिशांना दारं आणि प्रत्येक दाराशी दोन द्वारपाल, माणसाच्या दुपटीहून उंच. आतल्या भिंती अगदी कोऱ्या आहेत. बाहेर इतकं सगळं कोरणाऱ्यांनी लिंगाभोवती एक रेघसुद्धा ओढली नाही. हे मला दरवेळी थांबवतं.

त्रिमूर्ती म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की तिथल्या काही मार्गदर्शकांच्याही तोंडून तोच ऐकू येतो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या बोधचिन्हात ही मूर्ती आपण लहानपणापासून बघतो, त्रिमूर्ती हे नाव कानावर पडतं आणि मग तीन देव असणारच असं वाटतं. पण हे तिन्ही चेहरे शिवाचेच आहेत. मूर्तीचं बरोबर नाव सदाशिव किंवा महेशमूर्ती.

शैव परंपरेत शिवाला पाच मुखं आहेत: सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष आणि ईशान. भिंतीत कोरलेल्या मूर्तीत समोरून तीनच दिसणार. मागचं मुख दगडात आहे आणि पाचवं वर, जे दाखवायचंच नसतं.

मूर्ती साडेपाच मीटरच्या आसपास उंच आहे आणि तीही फक्त छातीपर्यंत. जणू बाकीचा देह अजून डोंगराच्या आत आहे. तुमच्या डावीकडचा चेहरा अघोर, म्हणजे भैरव. मिशा, आठ्या पडलेल्या भुवया, जटांत कवटी, हातात नाग. उजवीकडचा वामदेव, त्याला उमेचं मुखही म्हणतात. ओठ मऊ, केसांच्या बटा सुटलेल्या, मोत्यांच्या माळा, हातात कमळ. मधला तत्पुरुष, डोळे मिटलेले, हातात महाळुंगाचं फळ.

एक करून बघा. आधी अगदी डावीकडे जाऊन फक्त भैरवाकडे बघा. मग अगदी उजवीकडे जाऊन फक्त उमेकडे. मग मधे, पण वीसेक पावलं मागे येऊन उभे राहा. दोन टोकांचे दोन स्वभाव बघून आल्यावर मधला चेहरा वेगळा दिसतो. तो हसत नाही, रागावत नाही, त्याला तुमच्याकडून काही नको आहे. लेण्यात उजेड उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तिन्हीकडून आत येतो आणि ढग सरकला तरी त्या चेहऱ्यावर बदल होतो. मी एकदा अर्धा तास बसून होते. उजेड कमी होत गेला तसा खालच्या ओठाचा जाड कड तेवढा उजळ राहिला, बाकीचं सगळं अंधारात गेलं. घड्याळात बघायचं भान राहिलं नव्हतं.

सगळं बघायला वेळ नसेल तर एकच शिल्प कोणतं बघू?

सदाशिव तर बघालच, तो चुकत नाही. त्याशिवाय एकच म्हणाल तर कल्याणसुंदर.

पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे. आपल्याकडे पत्नीला वामांगी म्हणतात, म्हणजे तिची जागा डावीकडे. इथे ती उजवीकडे आहे, कारण लग्न अजून पूर्ण व्हायचंय. तिची मान किंचित खाली झुकलेली आहे, देहाचा भार एका पायावर. मागे बाप आहे, हिमवान, लेकीला पुढे आणणारा. तिच्या मागे पाण्याचा मोठा घडा घेतलेला चंद्र आहे, त्याच्या मानेमागची कोर शोधा, सापडते. दुसऱ्या बाजूला खाली ब्रह्मदेव भटजी होऊन होमाशी बसलेत. शिवाचे हात तुटलेत, पाणिग्रहणाचा हातच गेलाय, तरी तो कुठे होता हे दोघांच्या खांद्यांवरून कळतं.

माझी आई सगळं लेणं बघून झाल्यावर परत इथे येऊन बसली. म्हणाली, "बापाकडे बघ. पुढे ढकलतोय, पण हात सोडवत नाहीये त्याला." ते मला आधी कधी दिसलं नव्हतं.

मग मागे वळा. लग्नाच्या बरोबर समोर अंधकासुराला मारणारा शिव आहे. डोळे बाहेर आलेले, सुळे दिसणारे, वर हत्तीचं कातडं ताणलेलं. नवरदेवही तोच आणि हाही तोच. ही दोन शिल्पं समोरासमोर ठेवणाऱ्याने ते ठरवूनच केलं असणार, यात मला शंका वाटत नाही.

एवढ्या मूर्ती कुणी फोडल्या?

पोर्तुगीज सैनिकांनी इथे बंदुकांचा नेम धरायचा सराव केला असं परंपरेने सांगतात. शिल्पांचे खालचे भाग, पाय, हात जास्त गेलेत आणि वरचे चेहरे त्यामानाने वाचलेत हे कुणालाही दिसेल. पण सगळाच दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. शतकानुशतकं झिरपलेल्या पाण्यानेही दगड खाल्ला. बरेच खांब कोसळले होते, आज उभे आहेत त्यातले काही नंतर डागडुजी करून उभे केलेले आहेत. रंग आणि पोत बघितलात तर ते ओळखू येतात.

पोर्तुगिजांच्या काळातलं मोठं नुकसान माझ्या मते वेगळंच आहे. इथे एक शिलालेख होता. तो त्यांनी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तिकडे तो हरवला. लेणं कुणी कोरवलं ते कदाचित त्यात होतं.

मग ही लेणी कोरली कुणी? पांडवांनी एका रात्रीत?

पांडवांची गोष्ट महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक लेण्याला चिकटलेली आहे. बाणासुराचीही सांगतात. गोष्ट म्हणून मुलांना जरूर सांगा.

अभ्यासक मुख्य लेण्याचा काळ सहाव्या शतकाचा मध्य धरतात. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी मोठ्या संख्येने सापडली. कलचुरी राजे शिवभक्त होते, त्यातही पाशुपत या जुन्या शैव पंथाचे. दाराशीच योगीश्वर आहे, ज्याला काही जण पाशुपतांचा आचार्य लकुलीश मानतात, त्याच्याशी हे जुळतं. म्हणून बहुतेक जण श्रेय कलचुरींना देतात. कोकणच्या मौर्यांचं नावही पुढे येतं. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या ६३४ सालच्या ऐहोळे शिलालेखात पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेली पुरी त्याने शेकडो नौकांनी घेरली असं वर्णन आहे. ती पुरी म्हणजेच घारापुरी, असं काही जण म्हणतात, तर काही जण ती मुरुड-जंजिऱ्याजवळची दंडा-राजपुरी मानतात.

लाँचवरून बेट दिसू लागलं की मी पाहुण्यांना हे सांगते, आणि समोरची मोठमोठी जहाजं दाखवते. हे लेणं कुठल्या आडरानात नव्हतं, गजबजलेल्या बंदराच्या तोंडाशी होतं.

बाकीची लेणी बघण्यासारखी आहेत का?

बेटावर एकूण सात लेणी आहेत, पाच हिंदू आणि दोन बौद्ध. मुख्य लेण्याच्या पुढे त्याच पायवाटेवर दोन ते पाच क्रमांकाची लागतात. ती बरीच पडझड झालेली किंवा अर्धवट आहेत. पंधरा-वीस मिनिटांत होतात. अर्धवट लेण्यात छिन्नीचे घाव उघडे दिसतात, मुलांना ते दाखवा. दुसऱ्या टेकडीवर सीताबाईचं देऊळ म्हणतात ते सहावं लेणं आहे, आणि बौद्ध स्तूपही त्याच टेकडीवर. तिकडे फार कोणी जात नाही.

तोफांच्या टेकडीवर मात्र चढा, ऊन फार नसेल तर. इंग्रजी अमदानीतल्या दोन मोठ्या तोफा आहेत. तिथून बंदराचं सगळं दृश्य दिसतं. न्हावाशेव्याच्या क्रेन, जवाहरद्वीपाच्या तेलाच्या टाक्या, आणि जानेवारी २०२४ पासून वाहता झालेला अटल सेतू.

तो दगडी हत्ती कुठे आहे?

भायखळ्याला. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा म्हणून उचलायला गेले आणि तो पडून फुटला. तुकडे तेव्हाच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत आणले आणि १९१४ मध्ये जोडले. आज तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. जवळून बघितला तर सांधे दिसतात.

माकडांचा त्रास होतो का? जेवायचं काय?

होतो. हातात पिशवी, बाटली, वेफर्सचं पाकीट दिसलं की माकड येतंच. खाणं बॅगेत आणि बॅगेची चेन बंद. पाण्याची बाटलीसुद्धा हातात धरू नका. ओढलंच तर सोडून द्या, झटापट करू नका. आणि त्यांना खायला घालू नका. आपण घालतो म्हणून ती अशी झालीत.

खाली आणि पायऱ्यांवर बेटावरच्याच लोकांची छोटी हॉटेलं आहेत. ताजी मच्छी, भाकरी, सोलकढी मिळते, शाकाहारी थाळीही मिळते. पायऱ्यांवर बायका कैरी, काकडी, बोरं मीठ-तिखट लावून विकतात. मी त्यांच्याकडून घेतल्याशिवाय चढत नाही. या बेटावर समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा. समोर रात्रभर लखलखणारी मुंबई आणि इकडे अंधार. त्यामुळे दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करताना हे आठवा.

फोटो काढता येतात का?

मोबाईलने काढता येतात. ट्रायपॉड आणि व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते. फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशच्या उजेडात दगड सपाट दिसतो, तुमचाच फोटो बिघडतो. शिल्पांना टेकू नका, मुलांना मूर्तीच्या पायावर बसवून फोटो काढू नका. एक शाळा अशी सहल घेऊन आली होती की मुलं खांबावर खडूने नावं लिहीत होती आणि शिक्षक मोबाईलवर बोलत उभे होते. मी आणि बरोबरच्या दोघींनी ओल्या रुमालाने ती पुसली. मुलांनी नंतर मदत केली, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बेटावर मुक्काम करता येतो का?

नाही, पर्यटकांना रात्री राहू देत नाहीत. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. गेटवे ते गेटवे सहा तास धरा. त्यातले दोन तास मुख्य लेण्याला द्या आणि उरलेल्यात बाकीचं बसवा.

लाँच बंद निघाली किंवा सोमवारच आला, तर?

जोगेश्वरीला जा. मुंबईतच, लोकलने. जोगेश्वरीचं लेणं साधारण याच काळातलं, सहाव्या शतकातलं आहे आणि आवाक्याने मोठं आहे. शिल्पं फार झिजली आहेत, वस्ती अगदी अंगावर आलेली आहे, पण तिथे जोगेश्वरी देवीची रोज पूजा होते. दिव्याचा वास, फुलांचा ओलावा, घंटेचा आवाज. घारापुरीला जे नाही ते सगळं तिथे आहे, आणि घारापुरी जेव्हा नांदती होती तेव्हा आत कसं वाटत असेल याचा अंदाज येतो. बोरिवलीचं मंडपेश्वरही असंच, त्याच्यावर पोर्तुगिजांनी चर्च बांधलं होतं. पुणेकरांना तर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आहेच, राष्ट्रकूटांच्या काळातलं, रिक्षाने उतरून दोन मिनिटांत आत.

आणि पुढे कधी वेरूळला गेलात, तर कैलास बघून लगेच परत फिरू नका. २९ क्रमांकाच्या लेण्यापर्यंत जा, धुमार लेणं म्हणतात त्याला. चार दारांचा गाभारा, दाराशी उंच द्वारपाल, तीन बाजूंनी उजेड. घारापुरी बघून आला असाल तर आत शिरताच ओळख पटेल. वेरूळ मंगळवारी बंद असतं.